अंग धड?

“बोटं मिट,” हिंदुराव म्हणाले.

मी मिटली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अर्ध्यातच अडकलं.

“आता मनगट माझ्याकडं वळीव.”

वळवलं. तोंडातून आवाज निघू नये म्हणून मी समोरच्या भिंतीवर कॅलेंडरात असलेल्या दत्ताकडे बघत राहिलो. तिन्ही तोंडं माझ्याकडेच बघत होती.

“ओरडलास तरी चालतंय,” हिंदुराव म्हणाले, “हितं लोक वरडायलाच येत्यात.”

“दुखत नाही मामा.”

“व्हय व्हय. घाम हौसेनं आलाय.” त्यांनी अंगठ्याने मनगटाच्या खालचं हाड हळूहळू चाचपत आणलं, एका जागी थांबले आणि तिथेच बोट टेकवून म्हणाले, “हितं चीर हाय. कशानं झालं?”

“कारखान्यात बिडाचं जड ओतीव लोखंड उचलताना सरकलं. परवा.”

“तीन आठवडे बांधून ठेवायचं. ओझं न्हाई, झटका न्हाई.”

“उद्या एक काम आहे. तेवढं झालं की बांधतो.”

हिंदुराव हसले. ओसरीच्या कोपऱ्यात खलबत्ता होता, त्यात कसला तरी पाला कुटून ठेवलेला. त्याचा उग्र, कडवट वास घरभर भरला होता. ते उठले, मूठभर पाला घेऊन आले आणि माझ्यासमोर बसत म्हणाले, “जोगेश्वरी तालमीचा गोलकीपर माळगल्लीत, माझ्या दारात, फायनलच्या आदल्या दिवशी. मी बॉल बघायचा सोडला, पोरा. कान सोडले न्हाईत.”

मला वाटलं, संपलं. पण ते शांतपणे पाला मनगटावर थापत राहिले.

“तुझ्या वस्तादाला ठाऊक हाय?”

“नाही.”

“मग उद्या चार वाजता तो तुला गोलात उभा करणार. आणि आमचा कुणीतरी पोरगा वीस यार्डांवरनं सणसणीत बॉल हाणणार. तू हात घालणार. मग हे हाड असं,” त्यांनी दोन्ही मुठी एकमेकींवर ठेवून मोडल्यासारख्या केल्या, “आणि जलमभर मनगट वळायचं न्हाई. धंदा काय करतोस? लेथवर? ते जाईल. आणखी काय करतोस?”

“देवळात कीर्तनाला टाळकरी असतो.”

“मग टाळबी जाईल.”

मी म्हणालो, “मामा, पट्टी जरा पातळ बांधा. बाहीच्या आत दिसायला नको.”

हिंदुराव थांबले. माझ्याकडे बघत म्हणाले, “तुला वाटतंय, ह्यो माळगल्लीचा, म्हणून मला घाबरीवतोय.”

मला तसंच वाटत होतं.

त्या माणसाचं नाव हिंदुराव खोराटे. आमच्या पेठेत हे नाव कुणी घेत नसे. ‘हाडमोड्या’ म्हणत. एकोणीसशे एकावन्नच्या फुटबॉल फायनलमध्ये ह्याच माणसाने आमच्या केरबा मगदुमांचा गुडघा फोडला होता. मी तेव्हा चार वर्षांचा होतो, पण पेठेतल्या कुठल्याही पोराला ती मॅच पाठ होती. केरबा म्हणजे कोल्हापुरातला त्या वेळचा सगळ्यात देखणा खेळाडू. अनवाणी खेळायचे. बेळगावला, मिरजेला, पुण्याला लोक त्यांचा डावा पाय बघायला यायचे. मुंबईच्या एका मोठ्या टीमचं बोलावणं आलं होतं. फायनल झाली की जायचं ठरलं होतं. मॅचची शेवटची पाच मिनिटं, गोल नाही, केरबा एकटे बॉल घेऊन निघालेले, समोर फक्त हिंदुराव. मग केरबा खाली. लोक मैदानात घुसले, मॅच मोडली, त्या वर्षी कप कुणालाच मिळाला नाही. हिंदुरावच्या घरावर दगड पडले, एक कौल शिल्लक राहिलं नाही. केरबा पुन्हा कधी खेळले नाहीत. दोन वर्षांनी लंगडत आले आणि तालमीच्या टीमचे मॅनेजर झाले. मॅनेजर हा शब्द वर्गणीच्या पावतीवर. आम्ही त्यांना वस्तादच म्हणायचो.

आणि हिंदुराव मैदान सोडून हाडवैद्य झाले. ‘मोडायला येतंय म्हणून जोडायला बसला,’ असं पेठेत म्हणत. लहानपणी मीसुद्धा त्या बोळाच्या तोंडाशी उभं राहून ‘हाडमोड्या’ म्हणून ओरडून पळालो होतो. आता त्याच बोळात मुद्दाम आलो होतो, कारण आमच्या पेठेतलं कुणी तिथे फिरकत नसे. मला तिथे बघायला कुणी येणार नव्हतं.

“पट्टी पातळ बांधतो,” हिंदुराव शेवटी म्हणाले. “पण सांगायचं ते सांगून झालंय माझं. तुझ्या वस्तादाला सांग. त्यो ऐकंल.”

“वस्तादांना तुम्ही ओळखता?”

“थोडंफार,” ते म्हणाले आणि गाठ मारली.

---

त्या संध्याकाळी मी कीर्तनातून मधेच उठून आलो होतो, हे सांगायला हवं. आयुष्यात पहिल्यांदाच.

आमच्या विठोबाच्या देवळात दर शनिवारी पाच वाजता कीर्तन असे. पंधराव्या वर्षापासून मी टाळकऱ्यांच्या रांगेत डावीकडून दुसरा. वस्तादही यायचे. उजवीकडच्या तिसऱ्या खांबाला टेकून, दुखरा पाय लांब करून, टोपी मांडीवर ठेवून बसायचे. डोळे मिटलेले असत, पण झोपलेले नसत. बुवांनी एखादं वाक्य चांगलं टाकलं की त्यांची मान अर्धा इंच हलायची. चांगला पास दिला की तेवढीच हलायची.

त्या दिवशी बुवांनी लावलं ते गुरूची झोप मोडू नये म्हणून स्वतःची मांडी किड्याला पोखरू देणाऱ्या शिष्याचं आख्यान. गुरूचं डोकं मांडीवर आहे. किडा शिरतोय. रक्त वाहतंय. शिष्य हलत नाही. बुवांनी ती वेदना अशी गायली की बायका पदर डोळ्यांना लावायला लागल्या. मी मागे उभा होतो, हातात टाळ नव्हता. ‘आज तू धर,’ म्हणून शेजाऱ्याला दिला होता. आणि मला वाटत होतं, देवाने हे माझ्यासाठीच लावलंय. सोसायचं. तोंडातून शब्द काढायचा नाही. हीच भक्ती.

आख्यान पुढे कुठे जातं ते मला ठाऊक होतं. कुणाला ठाऊक नाही? पण मला त्या दिवशी अर्धंच हवं होतं. तेवढं पदरात घेऊन मी मागच्या दाराने निघालो, आणि माळगल्ली गाठली.

---

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता आम्ही पंधराजण तालमीत जमलो.

जर्सी वाटायची आमची एक रीत होती. कुस्तीच्या काळापासून आलेली. आखाड्याच्या वर मारुतीचा चौथरा. अकरा जर्सी घड्या घालून मारुतीच्या पायाशी ठेवलेल्या. कोण खेळणार, हे तोवर कुणालाच माहीत नसे. वस्ताद एकेक जर्सी उचलत, नाव घेत. ज्याचं नाव येईल त्याने पुढे यायचं, मारुतीच्या पायाला हात लावायचा. वस्ताद विचारत, “अंग धड?” खेळाडूने म्हणायचं, “धड.” मग जर्सी हातात. एकदा घेतलेली जर्सी परत ठेवायची नाही. शहरातल्या सगळ्या तालमींत थोड्याफार फरकाने हेच चाले. आणि ते नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं, कारण त्या काळी आमच्या स्पर्धेत खेळाडू बदलायची सोय नव्हती. एक पडला की उरलेल्या दहांनी खेळायचं.

मी लांब बाह्यांचा सदरा घातला होता. तीन वेळा अंघोळ केली होती. रात्री मनाशी ठरवलं होतं, मारुतीला दुखरा उजवा हात लावायचा नाही, डावा लावायचा. म्हणजे खोटं कमी लागेल असं मला का वाटलं, कोण जाणे.

“जिनगोंडा चौगुले.” आमचा कॅप्टन पुढे गेला.

“अंग धड?”

“धड.”

एकेक नाव येत होतं. पोरं हसत होती, एकमेकांना ढुशा देत होती. अठरा वर्षांनी तालीम फायनलला आली होती. बाहेर पेठेत हलगी वाजत होती. गोलकीपरची जर्सी, हिरवी, सगळ्यात शेवटी असायची.

“निवृत्ती पोवार.”

मी पुढे गेलो. डावा हात मारुतीच्या पायावर ठेवला.

“अंग धड?”

“धड.”

मी जर्सीला हात घातला. पण वस्तादांनी ती सोडली नाही. एक टोक त्यांच्या मुठीत, एक माझ्या. मला वाटलं गंमत करतायत. ओढली. सुटली नाही.

“काल टाळ का धरला न्हाईस?” वस्ताद हळू म्हणाले.

“शेजारच्याला हवा होता...”

“आख्यानाच्या मधनं उठलास. पुढचं ऐकलं न्हाईस.”

“पुढचं माहीत आहे मला वस्ताद.”

“सांग की मग.”

पोरांची कुजबुज थांबली. मी म्हणालो, “गुरू जागे होतात. रक्त बघतात. एवढं सोसलं म्हणजे हा आपल्याला खोटं सांगून आलाय, हे ओळखतात.”

“आणि?”

“शाप देतात.”

“काय शाप?”

“ऐन वेळी विद्या कामाला यायची नाही.”

वस्तादांनी मान हलवली. अर्धा इंच. मग ते जरा वाकले आणि माझ्या बाहीचा वास घेतला. “ह्यो पाला हिंदुरावच्या हातचा हाय.”

“आयला,” मागून बंडा आडनाईक पुटपुटला. बंडा म्हणजे आमचा दुसरा गोलकीपर. घरी चार म्हशी, हातात धार काढायचं बळ मोठं. पण बॉल जवळ आला की डोळे मिटायचा.

जिनगोंडा उसळून पुढे आला. “हाडमोड्याकडं गेलास? फायनलच्या आदल्या दिवशी? अरं, त्यानं मुद्दाम मोडून धाडलं असंल की रं!”

“गप,” वस्ताद म्हणाले. “बाही वर कर निवृत्ती.”

मी केली. सगळ्यांनी सुजलेला हात बघितला.

“काय म्हणला त्यो?”

“खेळू नको म्हणाले. तुम्हाला सांग म्हणाले. म्हणाले, त्यो ऐकंल.”

हे ऐकून वस्तादांच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं. त्यांनी जर्सी काखेत घेतली आणि चौथऱ्याच्या पायरीवर बसले, दुखरा पाय लांब करून, देवळात बसायचे तसे. टोपी काढून मांडीवर ठेवली.

“वस्ताद, म्हणजे काय?” जिनगोंडा म्हणाला. “निवऱ्या न्हाई तर बंडा? बंडा? वस्ताद, थोडं दुखणारच की! तुम्ही न्हाई का तालमीपायी गुडघा घालवला...”

“तेच सांगतो. बसा.”

बसले सगळे, आखाड्याच्या कडेने, लाल मातीत.

“एकावन साल,” वस्ताद म्हणाले. “फायनलच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही विहिरीवर पवायला गेलो. चारचौघांत आपली उडी सगळ्यात उंच पायजे, ही मस्ती. मोटंच्या कट्ट्यावरनं उडी घेतली. गुडघा कडंच्या दगडावर बसला. आत काहीतरी कट्‌कन वाजलं. वर आलो, हसलो. कुणाला कळू दिलं न्हाई. घरी येऊन आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून आवळली. दुसऱ्या दिवशी हितं, ह्याच फरशीवर उभा हुतो. आमच्या वस्तादांनी इचारलं, अंग धड? मी म्हणलं, धड.”

बाहेरची हलगी तेवढी ऐकू येत होती.

“मॅचभर दुखलं. दुखल्याचं काय न्हाई. शेवटाला बॉल मिळाला. सगळं मैदान उभं ऱ्हायलं. म्होरं हिंदुराव. मी उजवीकडं झुकलो, डावीकडनं काढायचा म्हणून पाय टेकला आणि गुडघ्यानं सोडलं. आपसूक. खाली गेलो.”

“आणि हिंदुरावनं?” जिनगोंडाने विचारलं. त्याचा आवाज बदलला होता.

“त्याचा पाय माझ्यापसनं हातभर लांब हुता.”

जिनगोंडाने मूठभर लाल माती उचलली आणि तशीच खाली सोडली.

“लोक धावत आले. पेठेतले थोरले वाकून इचारायला लागले, केरबा, हिंदुरावनं हाणलं न्हवं? हिंदुराव तिथंच उभा हुता. माझ्याकडं बघत हुता. मी हाणलं म्हणलो न्हाई. न्हाई हाणलं, असंबी म्हणलो न्हाई.” वस्ताद थांबले. “मी डोळं मिटलं. तेवढंच केलं.”

आमच्या तालमीच्या भिंतीवर त्यांचा फोटो होता. काखेत काठी, गुडघ्याला पट्टी, गळ्यात हार. त्या फोटोला दसऱ्याला फूल वाहत. मी त्या फोटोकडे बघायचं टाळलं. सगळेच टाळत होते.

“वस्ताद,” जिनगोंडा शेवटी म्हणाला, जवळजवळ रडत, “हे आजच सांगायचं हुतं व्हय?”

“आजच. न्हाईतर ह्या पोराचं मनगट गेलं असतं.” ते उठले. “बंडा आडनाईक.”

बंडा उभा राहिला. इकडेतिकडे बघितलं. पुढे गेला.

“अंग धड?”

“अंग धड हाय वस्ताद, पण हातपाय कापायला लागल्यात.”

पोरं हसली. त्या हसण्याची फार गरज होती.

“कापू देत,” म्हणत वस्तादांनी हिरवी जर्सी त्याच्या हातात सोडली.

---

“चल निवृत्ती,” वस्ताद मला म्हणाले. “मॅचला दीड तास हाय.”

“कुठं?”

“मला एकट्याला जाववत न्हाई. कितींदा त्या बोळाच्या तोंडापतोर जाऊन परत आलोय. वासच तेवढा घिऊन.”

फायनलच्या दिवशी केरबा मगदूम माळगल्लीत शिरताहेत, हे दृश्य त्या पेठेने कधी बघितलं नव्हतं. डोक्यावर पिवळ्या पताका, दारोदार लोक. एकेक आवाज बंद पडत गेला. एका दारात एक म्हातारी तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, “काय केरबा, वाट चुकलास?”

“न्हाई आक्का. उशीर झालाय तेवढा.”

हिंदुराव ओसरीवर खलबत्त्यात पाला कुटत होते. आम्हाला बघून उठले नाहीत. आधी माझ्या मनगटाकडे बघितलं.

“पोराला खेळीवतोयस?”

“न्हाई. जर्सी दुसऱ्याला दिली.”

“बरं केलंस.” पुन्हा कुटायला लागले.

वस्ताद पायरीखालीच उभे होते. टोपी हातात. “हिंदुराव, मी पोरांना सांगितलं. मारुतीम्होरं. एकावन सालचं.”

“काय सांगितलंस?”

“तू हाणलं न्हाईस म्हणून.”

“ते मला ठाऊक हाय की,” हिंदुराव म्हणाले.

मला त्या क्षणी हसू आलं, आणि लगेच लाज वाटली. कारण हिंदुरावांच्या हातातला बत्ता थांबला होता.

“अठरा वर्सं, केरबा. लोकांचं सोड. लोक काय, दगड मारत्यात आणि जेवायला जात्यात. माझी आई गेली पासष्ट साली. शेवटच्या दिवशी मला जवळ बसवून म्हणली, हिंदू, आता तरी खरं सांग, हाणलास का रं त्या पोराला? मी म्हणलं, न्हाई आई. तर म्हणली, बरं बाळा. पण तिला पटलं न्हवतं. तिच्या डोळ्यांत दिसलं मला.” त्यांनी बत्ता खाली ठेवला. “तिच्यासाठी कवा येणार हुतास?”

वस्ताद एक पायरी चढून एवढंच म्हणाले, “मैदानावर चल. माझ्या शेजारी बस. लोकांनी बघू दे.”

“जा तुम्ही,” हिंदुराव म्हणाले.

आम्ही निघालो. बोळाच्या तोंडाशी वस्ताद एकदा वळले. मागून कुणी येत नव्हतं. खलबत्त्याचा आवाजही येत नव्हता.

---

स्टेडियमवर मुंगीला जागा नव्हती. वस्ताद रेषेबाहेरच्या बाकावर बसले. शेजारच्या जागेवर टोपी ठेवली. मी पलीकडच्या टोकाला बसलो. तालमीचा कारभार बघणारे पंच येऊन दोनदा म्हणाले, “केरबा, टोपी उचल, आम्हाला टेकू दे.” त्यांनी उचलली नाही.

पहिल्या अर्ध्यात बंडाने कमाल केली. एकदा बॉल त्याच्या छातीवर आदळून बाहेर गेला, एकदा तो चुकून योग्य बाजूला पडला. आमचे लोक ओरडत होते, “बंडा, आज धार चांगली निघाली रं!” मध्यंतरापर्यंत गोल नव्हता.

मध्यंतरातच माळगल्लीच्या बाजूच्या गर्दीतून एक माणूस मैदानाच्या कडेकडेने चालत आमच्याकडे येऊ लागला. स्वच्छ धुतलेला सदरा, डोक्याला फेटा. अर्ध्या वाटेवर कुणीतरी ओळखलं. आमच्या बाजूने आरोळी उठली, “हाडमोड्या! हाडमोड्या आला रे!” दहा, मग शंभर, मग सगळी बाजू.

हिंदुराव थांबले. मला वाटलं, आता परत जाणार.

वस्ताद उठले. लंगडत दोरीपाशी गेले आणि आमच्याच लोकांसमोर दोन्ही हात वर करून उभे राहिले. आरोळी जरा ओसरली. कीर्तनात बुवा हात वर करतात तेव्हा टाळ थांबतात, तसं. मग आयुष्यभर मैदानावर कमावलेल्या त्या आवाजात ते ओरडले, “माझा गुडघा मीच मोडला हुता! विहिरीत! आदल्या दिवशी! ह्या माणसानं मला हातबी लावला न्हवता!”

पुढच्या दहा रांगांनी ऐकलं असेल. त्यांनी मागच्यांना सांगितलं. वारा शेतातून सरकत जातो तसं ते वर सरकत गेलेलं मी बघितलं. हिंदुराव उरलेलं अंतर चालत आले, बाकावरची टोपी उचलून वस्तादांच्या हातात दिली आणि त्या जागेवर बसले.

“डाव्या बाजूचा तुझा पोरगा दमलाय,” बसल्या बसल्या म्हणाले.

“अठरा वर्सं बघितलं न्हाईस म्हणत्यात,” वस्ताद म्हणाले.

“दमलेला पाय कळायला काय बघावं लागतंय?”

शेवटच्या चार मिनिटांत माळगल्लीचा बॉल बंडाच्या हातांखालून गेला. साधा होता. मी अडवला असता. हे मी आजही म्हणतो, आणि त्या हाताने अडवताना पुढे काय झालं असतं तेही मला आज माहीत आहे. एक-शून्य. कप माळगल्लीला गेला.

मग जे व्हायचं ते झालं. “आपला गोलकीपर बसीवला आणि त्यांचा माणूस शेजारी बसीवला!” असं आमचेच लोक तोंडावर बोलून गेले. तालमीचे पंच आले. त्यांतल्या थोरल्याने नुसता हात पुढे केला. वस्तादांनी गळ्यातली शिट्टी काढून त्या हातावर ठेवली. सोळा वर्षांची मॅनेजरकी दोन शब्दही न बोलता संपली. पुढे तीन वर्षांनी हीच पेठ त्यांना परत बोलवायला त्यांच्या दारात गेली, आणि त्यांनी एकच अट घातली: जर्सी वाटायच्या आधी प्रत्येक पोराचं अंग हिंदुरावने तपासायचं. आमची हाडं तपासायला माळगल्लीचा माणूस! महिनाभर भांडण चाललं. मग चालू झालं ते चालूच राहिलं.

बंडा त्या संध्याकाळी गोलाच्या खांबाला टेकून रडत बसला होता. वस्तादांनी त्याला उठवलं, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “डोळं उघडं ठेवून गोल खाल्लास. पयल्यांदा.” तो रडता रडता हसला.

मैदान रिकामं झालं. उन्हं तिरपी झाली होती. दूरवर माळगल्लीची मिरवणूक निघाल्याचं ऐकू येत होतं. हिंदुराव तिकडे गेले नाहीत. बाकावर आम्ही तिघेच उरलो होतो. मनगट ठणकत होतं, पण बोटं हलत होती. आता इतक्या वर्षांनी, परवाच्या शनिवारी देवळातल्या बुवांनी मला विचारलं, वय काय तुमचं? म्हटलं, अठ्ठ्याहत्तर. टाळ अजून डावीकडून दुसऱ्या जागेवर माझ्याच हातात असतो.

“पाय दे,” त्या संध्याकाळी बाकावर हिंदुराव वस्तादांना म्हणाले.

“काय?”

“पाय दे हिकडं.”

वस्तादांनी जरा मागेपुढे केलं. मग दुखरा पाय उचलून बाकावर ठेवला. हिंदुरावांनी तो मांडीवर घेतला, धोतर गुडघ्याच्या वर सारलं आणि काल माझ्या मनगटावर फिरवला तसाच अंगठा हळूहळू फिरवत आणला. एका जागी थांबले.

“हे वाकडं जुळलंय, केरबा.”

“असंल.”

“त्या वेळी नीट बांधलं असतं तर दोन महिन्यांत खेळला असतास. मुंबईला गेला असतास. कुणाला दावलं न्हाईस?”

“दावलं असतं तर कळलं असतं,” वस्ताद म्हणाले. “हाड विहिरीत मोडलंय का लाथंनं, हे बघणाऱ्याला कळतंय म्हणत्यात.”

“कळतंय,” हिंदुराव म्हणाले.

त्यांनी पाय खाली ठेवला नाही. दोन्ही तळवे गुडघ्यावर झाकल्यासारखे ठेवले आणि समोरच्या रिकाम्या मैदानाकडे बघत, तालमीत विचारतात त्याच सुरात, अगदी हळू विचारलं, “अंग धड?”

वस्तादांनी डोळे मिटले नाहीत.

“न्हाई,” ते म्हणाले.